मनिला ते जेद्दा, व्हाया नागपाडा
आशियाई पुरुष बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेची पासष्ट वर्षे

आशियाई बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेचा इतिहास विठ्ठलवाडीच्या वाचकाला सांगायचा, तर भायखळ्यापासून सुरुवात करणे सोयीचे. आपल्या स्टेशनातून बदलापूर-अंबरनाथकडून येणारी लोकल धरायची, कल्याण, ठाणे, दादर मागे टाकत भायखळ्याला उतरायचे आणि पश्चिमेला नागपाड्याच्या दिशेने चालत जायचे. तिथे सिमेंटची कोर्टे आहेत, लोखंडी खांबांवरच्या रिंगा आहेत आणि संध्याकाळी त्यांच्याभोवती पोरांची गर्दी आहे. भारताच्या राष्ट्रीय संघाला एका गल्लीने सातत्याने खेळाडू पुरवावेत असे बास्केटबॉलमध्ये फार क्वचित घडले. नागपाड्यात ते घडले.

ही स्पर्धा १९६० साली मनिलात जन्मली आणि तिची एकतिसावी आवृत्ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे पार पडली. या पासष्ट वर्षांत तिचे नाव बदलले, नियम बदलले, आशिया खंडाची तिच्यापुरती हद्दसुद्धा बदलली. भारत १९६५ पासून तिच्यात आहे. एकदा चौथा आला, एकदा यजमान झाला आणि पुढे बराच काळ तळाच्या फळीत राहिला. आपला खेळ घसरला, एवढेच या चढउताराचे कारण देणे अपुरे आहे. आशियातले इतर देश खेळाची व्यवस्था उभारत गेले आणि आपण खेळाडूला नोकरी देऊन थांबलो, हे अधिक खरे कारण. पुढचा वृत्तान्त वाचताना हे सूत्र ध्यानात ठेवावे.

पेटाऱ्यातला खेळ मुंबईत

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ शोधला. गॅलरीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि प्रत्येकी नऊ जणांचे दोन संघ उतरवले. वायएमसीएच्या शाखा जगभर होत्या, त्यामुळे हा खेळ तिच्या शिक्षकांच्या सामानातून देशोदेशी पोचला. भारतात १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि तिथून शिकून गेलेल्या क्रीडाशिक्षकांनी हा खेळ शाळाशाळांत नेला. १९३४ मध्ये दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला.

मुंबईत मात्र या खेळाची एक वेगळी वाट आहे आणि ती मराठी वाचकाला जवळची वाटावी. १८१३ पासून मुंबईत काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात नागपाड्यात ‘नेबरहूड हाऊस’ उभारले. हेच ते मिशन, ज्याने १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले आणि ज्याच्याशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव जोडलेले आहे. नेबरहूड हाऊसचे संचालक होते क्लिफर्ड मॅनशार्ट. नागपाड्याची वस्ती दाट, कामगारांची आणि मिश्र होती. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू सगळे शेजारी राहत. अशा वस्तीत सर्वांना सामावणारे केंद्र हवे, हा मॅनशार्ट यांचा विचार. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय याच इमारतीत सुरू झाले, जे आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. वाचनालय, दवाखाना, वर्ग यांच्या जोडीला तिथे बास्केटबॉलचे कोर्ट होते. पलीकडे मस्तान वायएमसीए आणि बच्चू खान महापालिका मैदान. क्रिकेटला लागते तेवढी जागा नागपाड्यात मिळणे शक्यच नव्हते. अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद एवढ्या तुकड्यात दहा पोरे एकदम खेळू शकतात आणि चेंडू एकच लागतो. त्या वस्तीला हा हिशेब परवडणारा होता.

मनिला, १९६०

आशियात बास्केटबॉलची सत्ता सुरुवातीला फिलिपाईन्सकडे होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये हा खेळ प्रथम आला तेव्हा आशियातून जपान, चीन आणि फिलिपाईन्स उतरले होते. त्यांत फिलिपाईन्सने पाचवा क्रमांक मिळवला. १९५४ च्या जागतिक स्पर्धेत तर त्यांनी कांस्यपदक जिंकले. आशियाई क्रीडा स्पर्धांमध्येही त्यांचेच वर्चस्व होते. १९५१ मध्ये नवी दिल्लीत पहिली आशियाई क्रीडा स्पर्धा झाली, तेव्हा बास्केटबॉलमध्ये पाच संघ होते. फिलिपाईन्स पहिला, जपान दुसरा, इराण तिसरा आणि यजमान भारत चौथा.

पण आशियाई क्रीडा स्पर्धा चार वर्षांनी येते. तेवढ्याने खंडाचा खेळ वाढत नाही, हे ओळखून आशियाई बास्केटबॉल संघटना स्थापन झाली आणि १९६० मध्ये मनिलात पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरली. अपेक्षेप्रमाणे फिलिपाईन्स जिंकला. १९६३ मध्ये तैपेई येथे तोच पुन्हा जिंकला आणि त्यानंतर स्पर्धा नेमाने दर दोन वर्षांनी होऊ लागली. महिलांची स्वतंत्र स्पर्धा १९६५ मध्ये सोलपासून सुरू झाली.

पहिली पंधरा वर्षे ही स्पर्धा म्हणजे पूर्व आणि आग्नेय आशियातल्या तीन देशांची रस्सीखेच होती. १९६५ मध्ये क्वालालंपूरला जपान जिंकला, १९६७ मध्ये सोलला फिलिपाईन्स, १९६९ मध्ये बँकॉकला दक्षिण कोरिया. त्या बँकॉकच्या स्पर्धेत फिलिपाईन्सविरुद्ध कोरियाच्या शिन डोंग-पा याने एकट्याने ५० गुण केले. तीन गुणांची रेषा तेव्हा आंतरराष्ट्रीय नियमांत नव्हती. ती १९८४ नंतर आली. म्हणजे लांबून मारलेल्या प्रत्येक बास्केटला दोनच गुण मिळत असताना केलेले हे ५० गुण. फिलिपाईन्समध्ये हरलेल्या त्या सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्याचे नाव जुने प्रेक्षक आजही आदराने घेतात.

भारताचे पाऊल

भारत या स्पर्धेत प्रथम उतरला तो १९६५ मध्ये क्वालालंपूर येथे. त्या काळच्या भारतीय संघाची घडण समजून घेतली पाहिजे. खेळाडू प्रामुख्याने सेनादलातून, रेल्वेतून, पोलीस दलातून आणि काही मोठ्या कारखान्यांतून येत. राष्ट्रीय स्पर्धेत राज्यांच्या बरोबरीने सेनादल आणि रेल्वे हे स्वतंत्र संघ म्हणून उतरत, आजही उतरतात. सेनादलाच्या तळावर मैदान असे, खुराक असे, सकाळ-संध्याकाळ सराव असे. गावातून भरती झालेला उंच, काटक जवान तिथे प्रथमच बास्केटबॉल पाहत असे आणि दोन-तीन वर्षांत राज्यपातळीवर खेळत असे.

राजपुताना रायफल्सचे खुशीराम हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. हरियाणातल्या खेड्यातून सैन्यात आलेला हा खेळाडू १९६५, १९६७ आणि १९६९ या तिन्ही आशियाई स्पर्धांत भारताचा मुख्य आधार होता. १९६७ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी १९६१ मध्ये, पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, बास्केटबॉलमधून सरबजित सिंग यांचा सन्मान झाला होता. पुढे १९६८ मध्ये गुरदयाल सिंग, १९६९ मध्ये हरि दत्त, १९७० मध्ये अब्बास मुंतसिर, १९७१ मध्ये मनमोहन सिंग अशी ओळीने नावे लागली. सलग पाच वर्षे एकाच खेळाला अर्जुन पुरस्कार मिळतो, तेव्हा त्या खेळाला देशात वजन आहे असे समजायला हरकत नाही. १९६५ ते १९८१ या काळात आशियाई स्पर्धेत भारत बहुतेक वेळा पहिल्या आठांत राहिला, त्यामागे ही फळी होती.

नागपाड्याचा कर्णधार

या यादीतले गुलाम अब्बास मुंतसिर आपल्या मुंबईचे. जन्म १९४२ चा, वाढ नागपाड्याची. सैन्याच्या तळावरचा शिस्तबद्ध सराव त्यांच्या वाट्याला आला नव्हता. गर्दीच्या कोर्टावर, आपल्यापेक्षा मोठ्या पोरांमध्ये शिरून चेंडू मिळवायचा आणि हरलो तर बाहेर बसायचे, हे गल्लीचे शिक्षण त्यांना मिळाले. गल्लीत जो जिंकतो तो कोर्टावर राहतो, हरणाऱ्याला पुढच्या डावाची वाट पाहावी लागते. या एका नियमामुळे ड्रिबल करताना मान वर ठेवणे, समोरच्याला चकवून आत घुसणे आणि दमलो तरी चेंडू न सोडणे या सवयी अंगवळणी पडतात.

मुंतसिर यांनी १९६९ आणि १९७५ च्या आशियाई स्पर्धांत भारताचे नेतृत्व केले. आशियाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात निवडले गेलेले ते पहिले भारतीय. नागपाड्याच्या दृष्टीने हा सन्मान एकट्याचा नव्हता. त्यांच्या मागे त्याच कोर्टांवरून अनेक जण मुंबईच्या, महाराष्ट्राच्या, रेल्वेच्या आणि देशाच्या संघांत गेले. रेल्वे, बँका आणि सरकारी खात्यांच्या निवड चाचण्यांना नागपाड्याची पोरे ठरलेलीच असत. त्या वस्तीत चांगला बास्केटबॉलपटू होणे म्हणजे नोकरी मिळवणे होते. आईवडिलांना खेळाबद्दल तक्रार उरत नसे.

१९७५ ची बँकॉकची स्पर्धा भारताच्या आशियाई इतिहासातली सर्वोच्च पायरी. चीन पहिला, जपान दुसरा, दक्षिण कोरिया तिसरा आणि भारत चौथा. पाच वेळचा विजेता म्हणून आपण आज ज्याला ओळखतो तो फिलिपाईन्स त्या वर्षी भारताच्या मागे होता. पन्नास वर्षे झाली, पण हा चौथा क्रमांक भारताच्या पुरुष संघाला पुन्हा गाठता आलेला नाही.

त्याच स्पर्धेत आणखी एक गोष्ट घडली, जिचा परिणाम पुढची तीस वर्षे टिकला. बास्केटबॉलच्या ‘फिबा’ या जागतिक संघटनेने चीनला पुन्हा मान्यता दिली होती आणि चीन या स्पर्धेत प्रथमच उतरला. आला तोच जिंकून गेला. १९७५ ते २००५ या काळात सोळापैकी चौदा अजिंक्यपदे चीनने घेतली. फक्त १९८५ मध्ये फिलिपाईन्सने आणि १९९७ मध्ये दक्षिण कोरियाने ही साखळी तोडली.

मॉस्को आणि कलकत्ता

१९७९ च्या नागोया येथील स्पर्धेत भारत पाचवा आला. पदकापासून लांब असलेल्या या क्रमांकाने एक अनपेक्षित दार उघडले. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर अमेरिकेच्या पुढाकाराने बहिष्कार पडला आणि आशियातले वरचे देश त्यात सामील झाले. जागा रिकामी झाली, ती भारताला मिळाली. भारतीय पुरुष बास्केटबॉल संघ ऑलिम्पिकमध्ये खेळला ती ही एकमेव वेळ. सातही सामने हरून संघ बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. हा आकडा सांगताना आपण संकोचतो, पण संकोचायचे कारण नाही. युरोपातील आणि लॅटिन अमेरिकेतील बलाढ्य संघ समोर होते आणि भारताचे खेळाडू कचेरीतून रजा टाकून सरावाला येणारे होते. ऑलिम्पिकचा अनुभव असलेली भारतीय बास्केटबॉलपटूंची ती एकच पिढी आहे.

लगेच पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, आशियाई स्पर्धा भारतात आली. कलकत्त्याच्या नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये सामने झाले. चीनने अजिंक्यपद राखले आणि यजमान भारत पाचवा आला. पुरुषांची ही स्पर्धा भारताने भरवली ती पहिली आणि आजवरची शेवटची वेळ. पुढच्याच वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाली, रंगीत दूरदर्शन आले आणि देशात बंदिस्त क्रीडागृहांची संख्या वाढली. अजमेर सिंग यांना १९८२ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. वरवर पाहता भारतीय बास्केटबॉलचे दिवस आले होते.

आशिया बदलला

प्रत्यक्षात १९८० च्या दशकापासून भारताचा क्रमांक घसरू लागला. याची कारणे तीन आणि तिन्ही आपल्या सीमेबाहेर घडलेली.

पहिले कारण व्यावसायिक लीग. फिलिपाईन्सची व्यावसायिक लीग १९७५ मध्येच सुरू झाली होती, आशियातली पहिली. १९८९ मध्ये जागतिक संघटनेने व्यावसायिक खेळाडूंना आपल्या स्पर्धा खुल्या केल्या. १९९५ मध्ये चीनची आणि १९९७ मध्ये दक्षिण कोरियाची लीग सुरू झाली. आता तिथला खेळाडू वर्षातले सहा-सात महिने पगारावर फक्त बास्केटबॉल खेळू लागला, परदेशी खेळाडूंशी दर आठवड्याला झुंजू लागला. आपला खेळाडू मात्र वर्षातून एक राष्ट्रीय स्पर्धा, एक फेडरेशन कप, काही निमंत्रित स्पर्धा आणि उरलेले दिवस खात्याचे काम अशा वेळापत्रकात राहिला.

दुसरे कारण नकाशा. सोव्हिएत संघ फुटल्यावर कझाकस्तानसारखे देश आशियाई स्पर्धेत आले आणि त्यांच्याबरोबर सोव्हिएत प्रशिक्षणाची परंपरा आली. पश्चिम आशियात लेबनॉन, जॉर्डन, कतार, इराण यांनी क्लबांवर पैसा ओतला, युरोपातून प्रशिक्षक आणले. लेबनॉन २००१, २००५ आणि २००७ मध्ये उपविजेता ठरला. २०११ च्या वुहानमधील अंतिम सामन्यात जॉर्डन चीनकडून ७० विरुद्ध ६९ अशा एका गुणाने हरला. इराणने २००७, २००९ आणि २०१३ अशी तीन अजिंक्यपदे घेतली. या तिन्ही वेळी सर्वोत्तम खेळाडू एकच, हामेद हद्दादी.

तिसरे कारण उंची, पण ती हाताळण्याची पद्धतसुद्धा. चीनच्या याओ मिंगने २००१, २००३ आणि २००५ मध्ये ओळीने सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. सव्वासात फुटांवर उंची असलेला खेळाडू कुठेही जन्मू शकतो. चीनमध्ये तो लहानपणीच क्रीडाशाळेच्या नजरेत येतो आणि पंचविसाव्या वर्षापर्यंत हजारो तास सराव करून तयार होतो. भारतातही उंच मुले सापडतात. पंजाबच्या बल्लोके गावचा सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीत आला, २०१० मध्ये फ्लोरिडाला शिकायला गेला आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला अमेरिकेच्या एनबीए लीगच्या निवडीत ५२ वा म्हणून घेतला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. पण लुधियानासारखी व्यवस्था देशात बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी होती.

२००५ पासून स्पर्धेला ‘फिबा आशिया अजिंक्यपद’ म्हटले जाऊ लागले, २०१७ पासून ‘फिबा आशिया चषक’. २०१७ मध्येच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना आशियाबरोबर खेळवायला सुरुवात झाली. ऑस्ट्रेलियाने आल्याआल्या बैरुतला इराणला हरवून चषक नेला. जकार्तात २०२२ मध्ये लेबनॉनवर ७५-७३ आणि जेद्दात २०२५ मध्ये चीनवर ९०-८९ असा निसटता विजय मिळवत तिन्ही वेळा तोच जिंकला. अंतर कमी होत चालले आहे, एवढा दिलासा जुन्या आशियाने घ्यावा.

वुहानची रात्र आणि नंतर

या काळात भारताच्या वाट्याला काहीच आले नाही, असे नाही. २०१० नंतर महासंघाने परदेशी प्रशिक्षक नेमले. २०११ मध्ये चौदावा असलेला संघ २०१३ च्या मनिला स्पर्धेत अकरावा आला. जुलै २०१४ मध्ये वुहानला झालेल्या दुसऱ्या एका आशियाई चषक स्पर्धेत अमेरिकन प्रशिक्षक स्कॉट फ्लेमिंग यांच्या हाताखाली भारताने यजमान चीनला ६५-५८ असे हरवले. चीनचा संघ पूर्ण ताकदीचा नव्हता, हे खरे. तरी चीनच्या भूमीवर चीनला हरवणे ही घटना भारतीय बास्केटबॉलमध्ये पहिल्यांदाच घडली. विशेष भृगुवंशी, अमज्योत सिंग, अमृतपाल सिंग ही नावे त्या संघाची. २०१५ मध्ये चांग्शाच्या मुख्य स्पर्धेत भारत आठवा आला. अमृतपाल पुढे ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये सिडनी किंग्जकडून खेळला आणि भृगुवंशी यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

त्या वेळी देशात लीगचेही वारे होते. २०१५ ते २०१७ या काळात युबीए लीग चालली. तिच्यात मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज असे आपले दोन संघ होते. ती बंद पडली, नंतर दुसऱ्या लीग आल्या. आठवड्याला सामना, घरचे मैदान आणि ठरलेला पगार अशी दहा वर्षे सलग टिकलेली लीग मात्र भारताला अजून मिळालेली नाही. त्याचा परिणाम आशिया चषकात दिसतो. २०१७ मध्ये, २०२२ मध्ये आणि २०२५ मध्ये भारताला एकही गटसामना जिंकता आला नाही. जेद्दात पहिल्याच सामन्यात जॉर्डनला भारताने जादा वेळेपर्यंत खेचले आणि शेवटी हार पत्करली. चाळीस मिनिटे बरोबरीत राहणारा संघ पुढच्या पाच मिनिटांत मागे पडतो, तेव्हा कमतरता हुन्नराची नसते. असे अटीतटीचे सामने वर्षभर खेळण्याची सवय नसते.

महाराष्ट्राची शिदोरी

मुंबईत हा खेळ फक्त नागपाड्यात राहिला नाही. आपल्याच मध्य रेल्वेवर माटुंग्याला डॉन बॉस्को शाळेच्या मैदानावर सॅव्हिओ चषक खेळला जातो आणि देशातले नामवंत खात्यांचे संघ तिथे येतात. मुंबईतली रामू स्मृती स्पर्धाही अशीच जुन्या बास्केटबॉलप्रेमींच्या जिव्हाळ्याची. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या कोर्टावर पिढ्या घडल्या. नागपूरला शाळा आणि क्रीडा मंडळांचा भक्कम पाया आहे. २००९ मध्ये सोळा वर्षांखालील मुलींची पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा पुण्यात झाली.

मुलींचा उल्लेख या पुरुषांच्या इतिहासात मुद्दाम करावासा वाटतो, कारण गेल्या दशकात भारतीय बास्केटबॉलला आनंदाचे क्षण त्यांनीच जास्त दिले. २०१७ मध्ये महिलांचा आशिया चषक बंगळूरला झाला. भारतीय संघाने दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला हरवून वरच्या श्रेणीत जागा मिळवली. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती आणि पुढे तिने देशाचे नेतृत्वही केले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचे दोन सामने झाले. भारतात एनबीएचे संघ प्रथमच खेळले. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. पहिल्या दिवशीचे प्रेक्षक म्हणून हजारो शाळकरी मुलांना बोलावले होते. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने १३२-१३१ असा जिंकला. त्या मुलांपैकी किती जणांच्या शाळेत रिंग होती, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. तो विचारायला हवा होता.

विजेत्यांची नोंद

संग्रहासाठी यजमान शहर आणि विजेता यांची पूर्ण यादी इथे देत आहोत.

१९६० मनिला – फिलिपाईन्स
१९६३ तैपेई – फिलिपाईन्स
१९६५ क्वालालंपूर – जपान
१९६७ सोल – फिलिपाईन्स
१९६९ बँकॉक – दक्षिण कोरिया
१९७१ टोकियो – जपान
१९७३ मनिला – फिलिपाईन्स
१९७५ बँकॉक – चीन
१९७७ क्वालालंपूर – चीन
१९७९ नागोया – चीन
१९८१ कलकत्ता – चीन
१९८३ हाँगकाँग – चीन
१९८५ क्वालालंपूर – फिलिपाईन्स
१९८७ बँकॉक – चीन
१९८९ बीजिंग – चीन
१९९१ कोबे – चीन
१९९३ जकार्ता – चीन
१९९५ सोल – चीन
१९९७ रियाध – दक्षिण कोरिया
१९९९ फुकुओका – चीन
२००१ शांघाय – चीन
२००३ हार्बिन – चीन
२००५ दोहा – चीन
२००७ तोकुशिमा – इराण
२००९ तियानजिन – इराण
२०११ वुहान – चीन
२०१३ मनिला – इराण
२०१५ चांग्शा – चीन
२०१७ बैरुत – ऑस्ट्रेलिया
२०२२ जकार्ता – ऑस्ट्रेलिया
२०२५ जेद्दा – ऑस्ट्रेलिया

एकूण अजिंक्यपदे : चीन १६, फिलिपाईन्स ५, इराण ३, ऑस्ट्रेलिया ३, जपान २, दक्षिण कोरिया २. २०२१ ची स्पर्धा महासाथीमुळे एक वर्ष पुढे गेली, म्हणून यादीत २०२२ आहे.

आता स्पर्धा घराशी येते

२०१७ पासून या स्पर्धेच्या कारभारात झालेला एक बदल आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. स्पर्धा आता दर चार वर्षांनी होते आणि तिच्या पात्रता फेऱ्या घरच्या व बाहेरच्या मैदानावर आलटून पालटून खेळल्या जातात. विश्वचषकाच्या पात्रता फेऱ्यांचेही तसेच. म्हणजे भारताचा संघ आता दर काही महिन्यांनी भारतातच एखाद्या आशियाई संघाशी खेळतो. बंगळूरने आणि चेन्नईने असे सामने भरवले आहेत. १९८१ मध्ये आशियाचा बास्केटबॉल पाहायला कलकत्त्याला जावे लागत होते. तशी वाट पाहण्याचे दिवस संपले.

यासाठी हजारो कोटींचे स्टेडियम लागत नाही. लाकडी फरशीचे एक बंदिस्त क्रीडागृह, काही हजार आसने, नीट प्रकाश आणि सामना भरवायला उभी राहणारी जिल्हा संघटना एवढे पुरते. ठाणे जिल्ह्यात कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात लाखोंनी लोक राहतात. या पट्ट्यातल्या शाळांना मोठी मैदाने नाहीत, हे रडगाणे आपण नेहमी गातो. नागपाड्यालाही मोठे मैदान नव्हते. तिथल्या मंडळींनी आहे त्या जागेत रिंग लावली, रोज संध्याकाळी दिवे लावले आणि एक माणूस शिट्टी घेऊन उभा राहिला. पाच-दहा वर्षांत त्या कोर्टावरून भारताचा कर्णधार निघाला नाही. त्याला दोन-तीन पिढ्या लागल्या. आपल्याकडेही तेवढाच वेळ लागेल.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन मागण्या नोंदवून ठेवाव्यात. महापालिकांनी आपल्या उद्यानांत आणि शाळांच्या आवारात दिव्यांची सोय असलेली बास्केटबॉलची कोर्टे बांधावीत, त्यांचे कुलूप संध्याकाळी उघडे ठेवावे आणि तिथे मानधनावर प्रशिक्षक नेमावेत. आणि भारताच्या आशिया चषक पात्रतेचा एखादा घरचा सामना मुंबई-ठाणे परिसराने मागून घ्यावा. त्या सामन्याला आपल्या शाळांतली मुले लोकलने येतील, तिकीट काढून बसतील आणि चौथा क्रमांक मिळवणाऱ्या १९७५ च्या संघाचा कर्णधार याच शहरातला होता, हे त्यांना कार्यक्रमपत्रिकेत वाचायला मिळेल.